टीआरएनएमधलं एक म्युटेशन शेकडो जीन्स कसे हलवतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधक विद्यार्थिनीकडे ई. कोलाय या जीवाणूचा एक म्युटंट, म्हणजे जीनमध्ये बदल झालेला स्ट्रेन (वाण), आहे. टीआरएनए म्हणजे प्रोटीन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा आरएनए; त्याच्या एका जीनमध्ये फक्त एक बेस (एक अक्षर) बदललेला. प्रोटीन बनण्यात थोडी गडबड होईल, एवढीच तिची अपेक्षा होती. आरएनए सीक्वेन्सिंग केलं तेव्हा मात्र शेकडो जीन्सचे एमआरएनए (प्रोटीन बनवण्यासाठी काढलेली जीनची नक्कल) वर-खाली झालेले दिसले. ती विचारते, "टीआरएनएचं काम भाषांतराचं, म्हणजे एमआरएनए वाचून प्रोटीन बनवण्याचं. एमआरएनए तर त्याच्या आधीच तयार झालेला असतो. मग ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे एमआरएनए लिहिणं, बदललं कसं? आणि याला खरंच नियमन म्हणायचं, की पेशी अशक्त झाल्याचा हा नुसता परिणाम?"

यातला पहिला भाग समजावणं सोपं आहे. दुसरा अवघड आहे आणि तुमचा प्रबंध त्याच्यावरच उभा राहणार किंवा पडणार आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या डोक्यात एक क्रम बसलेला असतो: आधी एमआरएनए पूर्ण लिहून होतो, मग तो बाहेर येतो, मग प्रोटीन. हा क्रम आपल्या पेशींचा आहे, केंद्रक असलेल्यांचा. जीवाणूत आरएनए पॉलिमरेज एमआरएनए लिहीत पुढे सरकत असतं आणि त्याच धाग्याच्या सुरुवातीला पहिला रायबोसोम (प्रोटीन बनवणारं यंत्र) वाचायला बसलेलासुद्धा असतो. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच धाग्यावर चालतात. रायबोसोम मध्येच अडखळला, तर मोकळ्या राहिलेल्या आरएनएची घडी वेगळी पडते आणि त्या घडीवरून पॉलिमरेज पुढे जाणार की गळून पडणार हे ठरतं. रायबोसोमचा वेग कशावर अवलंबून? समोर आलेल्या कोडॉनसाठी (एक अमिनो आम्ल सांगणाऱ्या तीन अक्षरांसाठी) योग्य टीआरएनए किती लवकर मिळतो यावर. तेव्हा टीआरएनएची अवस्था थेट ट्रान्सक्रिप्शनपर्यंत पोचायला जीवाणूत सरळ रस्ता आहे. असे रस्ते एकाहून जास्त आहेत आणि तुमच्या म्युटंटमध्ये कोणता उघडलाय, हा खरा प्रश्न.

तुम्ही कोणता टीआरएनए ते लिहिलेलं नाही, मिडियमही (जीवाणू ज्यात वाढवला ते खाद्य) लिहिलेलं नाही. त्यामुळे बऱ्याच गोष्टी "तर" वर राहतील. ई. कोलाय के-१२ मध्ये टीआरएनएचे ८६ जीन्स आहेत, पण सगळ्यांची परिस्थिती सारखी नाही. ल्युसिनचा जो टीआरएनए सीयूजी कोडॉन वाचतो त्याच्या चार प्रती आहेत. एक बिघडली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. हिस्टिडिनचा जीन, हिस-आर, एकच. ट्रिप्टोफॅनचा, ट्रिप-टी, तोही एकच. तिथे एका बेसचा बदल लपून राहत नाही. आणि जे म्युटेशन एलबी या पौष्टिक मिडियममध्ये काहीच दाखवत नाही, ते एम-९ ग्लुकोज या साध्या मिडियममध्ये धुमाकूळ घालू शकतं, कारण तिथे प्रत्येक अमिनो आम्ल पेशीला स्वतः बनवावं लागतं.

माझ्याकडे असा म्युटंट आला की मी पहिल्यांदा एकच गोष्ट विचारतो: बिघाड तीनपैकी कोणत्या जातीचा आहे? एक, टीआरएनएची संख्याच कमी झाली; जे आहेत ते मात्र धडधाकट. दोन, संख्या पुरेशी आहे पण त्यावर अमिनो आम्ल चढत नाही, म्हणजे रिकाम्या टीआरएनएंची गर्दी. तीन, संख्या ठीक, चार्जिंग (अमिनो आम्ल चढणं) ठीक, पण रायबोसोमवर गेल्यावर तो हळू वाचतो किंवा भलतंच वाचतो. प्रोटीन बनवण्याच्या दृष्टीने तिन्हींचा परिणाम एकच दिसेल, त्या कोडॉनवर उशीर. नियमनाच्या दृष्टीने मात्र हे तीन वेगवेगळे संदेश आहेत, आणि पेशी त्यांना वेगवेगळी उत्तरं देते. हा फरक पहिल्याच दिवशी केला नाही, तर सीक्वेन्सिंगच्या यादीकडे कितीही बघत बसलं तरी तिचा अर्थ लागत नाही.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं हिस्टिडिनच्या ओपेरॉनमध्ये (एकत्र लिहिल्या जाणाऱ्या जीन्सच्या गटात), म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू या. १९६१ साली जेकब आणि मोनो यांनी रिप्रेसरची, म्हणजे जीन बंद ठेवणाऱ्या प्रोटीनची, कल्पना मांडल्यावर साल्मोनेला या ई. कोलायच्या नातेवाईक जीवाणूच्या हिस्टिडिन ओपेरॉनचाही रिप्रेसर असणार असं सगळ्यांनी धरून टाकलं आणि शोध सुरू झाला. ट्रायझोल-अलानिन नावाचं हिस्टिडिनसारखं दिसणारं रसायन वापरून, ओपेरॉन कायम चालू राहणारे म्युटंट गोळा केले गेले. रॉथ, अँटॉन आणि हार्टमन यांनी १९६६ मध्ये त्यांची मांडणी केली, ब्रूस एम्स यांच्या प्रयोगशाळेतही हेच काम चालू होतं. हे म्युटंट ओळखायची खूण फार सुंदर आहे: ग्लुकोज जास्त असलेल्या प्लेटवर जंगली (म्युटेशन नसलेल्या) साल्मोनेलाच्या कॉलनी गुळगुळीत, चकचकीत येतात, ओपेरॉन मोकाट सुटलेल्या म्युटंटच्या कॉलनी सुरकुतलेल्या, चुण्या पडलेल्या येतात. हिस-एच आणि हिस-एफ ही दोन प्रोटीनं जास्त झाली की पेशी नीट विभागत नाहीत, त्याचा हा परिणाम. नुसत्या डोळ्यांनी नियमनाचा बिघाड दिसतो.

म्युटेशन्स सहा ठिकाणी सापडली: ओपेरॉनच्या डोक्याशी हिस-ओ, आणि दूरदूरवर हिस-आर, हिस-एस, हिस-टी, हिस-यू, हिस-डब्ल्यू. यांतलं एकही रिप्रेसर बनवत नव्हतं. हिस-आर हा हिस्टिडिनच्या टीआरएनएचाच जीन निघाला. हिस-एस म्हणजे त्या टीआरएनएवर हिस्टिडिन चढवणारं सिंथेटेज. हिस-यू आणि हिस-डब्ल्यू यांचा धागा पुढे डीएनएचा पीळ बदलणाऱ्या गायरेज या एन्झाइमशी जुळला. हिस-टी सगळ्यात गूढ होता. त्या म्युटंटमध्ये हिस्टिडिनच्या टीआरएनएची संख्या ठीक होती, पेशीत त्याचं चार्जिंगही ठीक होतं, तरी ओपेरॉन बंद होत नव्हता. १९७२ मध्ये सिंगर, स्मिथ, कोर्टेसे आणि एम्स यांनी दाखवलं, की या टीआरएनएच्या अँटीकोडॉनच्या (कोडॉनशी जुळणाऱ्या तीन अक्षरांच्या) हाताजवळ जे दोन स्यूडोयुरिडिन (रासायनिक बदल केलेले बेस) असायला हवेत ते तिथे नाहीत. बाकी रेणू तसाच.

आता वरच्या तीन जाती यांना लावून बघा. हिस-आरमध्ये संख्या कमी. हिस-एसमध्ये चार्जिंग कमी. हिस-टीमध्ये दोन्ही ठीक, वाचन संथ. या ओपेरॉनने तिन्हींना एकच उत्तर दिलं: चालू हो. कारण १९७८ मध्ये ओपेरॉनच्या सुरुवातीचा क्रम वाचला गेला तेव्हा कळलं. पहिल्या जीनच्या आधी १६ अमिनो आम्लांचं एक छोटं लीडर पेप्टाइड आहे आणि त्यात सलग सात हिस्टिडिन कोडॉन आहेत. रायबोसोम त्या सातांमधून झपझप गेला, तर मागचा आरएनए टर्मिनेटरची घडी घालतो आणि पॉलिमरेज गळून पडतं. रायबोसोम त्यात अडकून बसला, तर दुसरी घडी आधी पडते, टर्मिनेटर बनतच नाही आणि ओपेरॉन लिहिला जातो. यालाच अटेन्युएशन म्हणतात. हिस्टिडिनचा टीआरएनए मिळायला उशीर होतोय, एवढंच या यंत्रणेला कळतं. उशीर का होतोय हे ती विचारत नाही.

सलग सात कोडॉन कशाला, असं मला विद्यार्थी नेहमी विचारतात. कारण एका कोडॉनवरचा उशीर क्षणिक असतो. एखाद्या साध्या प्रोटीनमध्ये इथे-तिथे पाच-सहा हिस्टिडिन असतील तर संथ टीआरएनएमुळे विशेष काही बिघडत नाही. सात एकापाठोपाठ आले की तोच किरकोळ उशीर सात वेळा, नेमक्या त्या जागी साठतो जिथे घडीचा निर्णय व्हायचा असतो. म्हणून वाढीच्या आलेखात जेमतेम दिसणारं म्युटेशनसुद्धा ओपेरॉनच्या पातळीवर ठळक दिसतं. तुमच्या म्युटंटची वाढ जवळपास जंगली स्ट्रेनइतकीच असेल आणि तरी काही विशिष्ट ओपेरॉन खूप वर गेले असतील, तर माझा पहिला संशय इथेच जाईल.

तेव्हा यादी घ्या आणि वर गेलेल्या प्रत्येक अमिनो आम्लाच्या ओपेरॉनचं लीडर पेप्टाइड वाचा. ट्रिप्टोफॅनचं लीडर १४ अमिनो आम्लांचं, त्यात दहावं आणि अकरावं ट्रिप्टोफॅन. फिनाइलअलानिनच्या लीडरमध्ये १५ पैकी सात फिनाइलअलानिन. थ्रिओनिनच्या लीडरमध्ये आठ थ्रिओनिन आणि चार आयसोल्युसिन. ल्युसिनच्या लीडरमध्ये चार ल्युसिन सलग. तुमचा टीआरएनए ज्या लीडरमध्ये गच्च भरलेला आहे तोच ओपेरॉन वर गेला असेल, तर गोष्ट जवळजवळ उलगडलीच.

ट्रिप्टोफॅनच्या बाबतीत एक फरक ध्यानात ठेवा. तिथे रिप्रेसरही आहे आणि अटेन्युएशनही. रिप्रेसरमुळे साधारण ७० पट फरक पडतो, अटेन्युएशनमुळे आठ ते दहा पट. चार्ल्स यानोफ्स्की आणि लॅरी सोल यांनी १९७७ मध्ये ट्रिप्टोफॅनच्या टीआरएनएशी आणि त्याच्या चार्जिंगशी संबंधित म्युटंट तपासले, तेव्हा पेशीत ट्रिप्टोफॅन असूनही अटेन्युएटरपाशी (लीडरमधल्या त्या टर्मिनेटरच्या जागी) ट्रान्सक्रिप्शन थांबायचं प्रमाण घटलेलं दिसलं. त्यातलाच एक जीन आज आपण मिया-ए म्हणून ओळखतो. अँटीकोडॉनशेजारच्या ३७व्या बेसवर तो रासायनिक सजावट करतो. तेव्हा ट्रिप्टोफॅनचा टीआरएनए तपासताना रिप्रेसर काढून टाकलेल्या स्ट्रेनमध्येही मोजमाप करा, नाहीतर मोठ्या आकड्यात छोटा आकडा बुडून जाईल.

आणखी एक सावधगिरी. अटेन्युएशनमध्ये "उशीर म्हणजे चालू" हे रायबोसोम नेमक्या जागी अडकला तरच खरं. लीडरचं भाषांतर सुरूच झालं नाही, तर आरएनए स्वतःहून टर्मिनेटरची घडी घालतो आणि ओपेरॉन बंद राहतो. फारच आजारी पेशीत भाषांतराची सुरुवातच मंदावलेली असेल, तर अपेक्षेच्या उलट निकाल मिळू शकतो. तो बघून गोंधळू नका.

आता पसरट परिणामांकडे. तुम्ही म्हणता शेकडो जीन्स. अटेन्युएशन एवढे जीन्स हलवत नाही. एवढा पसारा दिसला की पीपीजीपीपी या उपासमारीचा इशारा देणाऱ्या छोट्या रेणूचा विचार करावाच लागतो. १९६९ मध्ये कॅशेल आणि गॅलंट यांनी उपाशी ई. कोलायमध्ये या रेणूचा ठिपका पाहिला. १९७३ मध्ये हॅझेल्टाइन आणि ब्लॉक यांनी दाखवलं, की तो बनवायचा इशारा म्हणजे रायबोसोमच्या ए-जागेत (नवा टीआरएनए येऊन बसतो तिथे), योग्य कोडॉनवर येऊन बसलेला रिकामा टीआरएनए. ते ओळखतं रेल-ए हे प्रोटीन. पीपीजीपीपी वाढलं की ते पॉलिमरेजला चिकटतं, डीकेएस-ए नावाचं प्रोटीन त्याला साथ देतं, रायबोसोमल आरएनए आणि टीआरएनए यांचं ट्रान्सक्रिप्शन उतरतं आणि अमिनो आम्लं बनवणाऱ्या जीन्सचे कित्येक प्रमोटर (ट्रान्सक्रिप्शन सुरू होण्याच्या जागा) वर जातात. हिस्टिडिनच्या ओपेरॉनचा प्रमोटरही त्यांतलाच.

इथे तीन जाती वेगळ्या होतात. रेल-एला रिकामा टीआरएनए हवा असतो, तोही कोडॉनवर बसलेला. दुसऱ्या जातीचा बिघाड असेल, म्हणजे रिकाम्यांची गर्दी, तर रेल-ए जोरात चालू होईल. पहिल्या जातीत टीआरएनएच कमी आहेत आणि जे आहेत ते बहुतेक चार्ज झालेले; ए-जागा रिकामी राहते, रायबोसोम थांबतो, पण रेल-एला हवा तो इशारा मिळत नाही किंवा फार क्षीण मिळतो. तिसऱ्या जातीत टीआरएनए चार्ज झालेलाच आहे, तेव्हा तिथेही रेल-एला विशेष काम नाही. सारांश, रायबोसोमल आरएनए उतरलेला आणि अनेक अमिनो आम्लांचे ओपेरॉन एकदम चढलेले दिसले, तर बिघाड चार्जिंगचा असण्याची शक्यता जास्त. एकच ओपेरॉन चढला आणि बाकी शांत असेल, तर संख्या किंवा वाचन.

एक जात दुसऱ्या जातीत बदलूही शकते. बेस बदलल्यामुळे टीआरएनएची घडीच सैल पडली, तर पेशी तो रेणू खराब माल म्हणून मोडीत काढते. मरे डॉइचर यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये ट्रिप्टोफॅनच्याच एका म्युटंट टीआरएनएवर हे दाखवलं: पेशी त्याला ए-बेसची शेपटी लावते आणि मग एक्झोन्यूक्लिएज त्याचा फडशा पाडतं. कागदावर "चार्ज न होणारा" वाटणारा म्युटंट प्रत्यक्षात "नसलेला" म्युटंट असू शकतो. म्हणून अंदाज बांधू नका, मोजा.

तुमचा जीवाणू ई. कोलाय आहे, पण उत्तर वाचणाऱ्यांपैकी कुणी बॅसिलस या दुसऱ्या जीवाणूवर काम करत असेल तर त्यांनी हे मुद्दाम वाचावं. बॅसिलस आणि त्याच्या नातेवाइकांमध्ये अमिनो आम्लांचे बरेच जीन्स टी-बॉक्स नावाच्या यंत्रणेवर चालतात. १९९३ मध्ये ग्रंडी आणि हेन्किन यांनी बॅसिलस सब्टिलिसच्या टायरोसिन सिंथेटेजच्या जीनवर हे उलगडलं. इथे रायबोसोम मध्ये नाहीच. लीडरचा आरएनए स्वतःच टीआरएनएला पकडतो: एका टोकाला आपल्या कोडॉनने त्याचा अँटीकोडॉन, दुसऱ्या टोकाला त्याची सीसीए शेपटी. शेपटीवर अमिनो आम्ल नसेल तरच दुसरी पकड बसते, टर्मिनेटर मोडतो आणि जीन लिहिला जातो. त्या दोघांनी लीडरमधला टायरोसिनचा कोडॉन बदलून फिनाइलअलानिनचा केला, तर जीन फिनाइलअलानिनच्या उपासमारीला प्रतिसाद द्यायला लागला.

आता विचार करा: टीआरएनएची संख्या घटली तर? ई. कोलायचा हिस्टिडिन ओपेरॉन चालू होतो. टी-बॉक्सला मात्र पकडायला रिकामा टीआरएनए हवा असतो. तो कमी असेल तर जीन चालू व्हायला अडचणच येणार. त्याच जातीचं म्युटेशन, त्याच प्रकारची उणीव, आणि दोन जीवाणूंत उलट दिशा. म्हणून एका जीवाणूवरचा निष्कर्ष दुसऱ्यावर डोळे मिटून लावू नये.

तिसरा रस्ता स्ट्रेप्टोमायसीस या जीवाणूने दाखवला आणि मला तो मनापासून आवडतो. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये जे स्ट्रेप्टोमायसिन बनायचं, ते याच कुळातल्या जीवाणूचं. यांच्या डीएनएत जी आणि सी ही अक्षरं प्रचंड. स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरमध्ये ७२ टक्के. त्यामुळे ल्युसिनचा टीटीए कोडॉन अगदी दुर्मीळ, मोजक्या जीन्समध्येच सापडणारा. तो वाचणारा टीआरएनए एकच, त्याचा जीन बाल्ड-ए. तो बिघडला तरी जीवाणू मजेत वाढतो. फक्त कॉलनीवर पांढरी, मऊ लव येत नाही, म्हणून ती टक्कल पडल्यासारखी दिसते. आणि ॲक्टिनोऱ्होडिन हे निळं प्रतिजैविक बनत नाही. कीथ चेटर यांच्या गटाने १९८७ मध्ये हा जीन टीआरएनएचा आहे हे उघड केलं. पुढे १९९१ मध्ये कळलं की ॲक्टिनोऱ्होडिनचे जीन्स चालू करणाऱ्या नियामक प्रोटीनच्या जीनमध्ये टीटीए आहे. तो कोडॉन बदलून ल्युसिनचाच दुसरा कोडॉन घातला, तर बाल्ड-ए म्युटंटमध्येही निळा रंग परत आला.

यात उपासमार नाही, अटेन्युएशन नाही, पीपीजीपीपीचा प्रश्न नाही. नियामक प्रोटीन बनलं नाही आणि त्याच्या हाताखालचे सगळे जीन्स झोपून राहिले. ई. कोलायमध्येही याची सौम्य रूपं आहेत: मिया-ए नसेल तर आरपीओ-एस हा सिग्मा घटक (पॉलिमरेजला ठरावीक जीन्सकडे नेणारं प्रोटीन) नीट बनत नाही, कारण त्या जीनमध्ये यूयू ने सुरू होणारे ल्युसिन कोडॉन बरेच आहेत. आरपीओ-एस घटला की त्याच्या हुकमातले कितीतरी जीन्स बदलणार. यादीत शेकडो नावं असली तरी मूळ कारण एकाच नियामकाच्या एका कोडॉनमध्ये असू शकतं. तुमच्या यादीतले जीन्स एखाद्या ओळखीच्या नियामकाखाली येतात का ते आधी बघा.

कधीकधी नाव बघून अजिबात संबंध वाटणार नाही. साल्मोनेलात मॅग्नेशियम आत घेणाऱ्या एमजीटी-एच्या आधी एक छोटं लीडर पेप्टाइड आहे, त्यात प्रोलिनचे कोडॉन आहेत. प्रोलिनच्या टीआरएनएवर ३७व्या जागी मिथिल बसवणारं ट्रिम-डी हे एन्झाइम मॅग्नेशियमवर चालतं. मॅग्नेशियम घटलं की तो मिथिल नीट बसत नाही, प्रोलिनचे कोडॉन संथ वाचले जातात आणि एमजीटी-एचं ट्रान्सक्रिप्शन वाढतं. प्रोलिनच्या टीआरएनएचा म्युटंट तपासताना मॅग्नेशियमचा जीन वर दिसला, तर तो सीक्वेन्सिंगचा कचरा समजून टाकून देऊ नका.

सप्रेसरबद्दल थोडक्यातच. अँटीकोडॉन बदलून स्टॉप कोडॉन (प्रोटीन इथे संपवा असं सांगणारा कोडॉन) वाचायला लागलेले टीआरएनए, म्हणजेच सप्रेसर, सगळ्यांना माहीत असतात. हरगोविंद खोराना यांच्या गटाने १९७६ मध्ये कृत्रिमरीत्या बनवलेला टीआरएनएचा जीन पेशीत काम करतो हे टायरोसिनच्या अशाच सप्रेसरने सिद्ध केलं होतं. पण अँटीकोडॉन शाबूत आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. १९७१ मध्ये डेव्हिड हर्श यांनी वर्णन केलेला ट्रिप्टोफॅनचा टीआरएनए यूजीए हा स्टॉप कोडॉन वाचतो, आणि त्याचा बदल अँटीकोडॉनपासून लांब, टीआरएनएच्या डी-हात नावाच्या भागात २४व्या जागी आहे. तुमचा बदल "निरुपद्रवी" जागी वाटत असेल तर हे उदाहरण आठवा. शिवाय यूजीएवर नियमनही अवलंबून असतं: रिलीज फॅक्टर-२ (स्टॉप कोडॉनवर तयार प्रोटीन सोडवणारं प्रोटीन) याच्या स्वतःच्या जीनमध्ये २६व्या जागी यूजीए आहे, आणि तिथे रायबोसोमने एक बेस पुढे घसरल्याशिवाय हे प्रोटीन पूर्ण बनत नाही.

इथवरचं एकत्र मांडतो. एखादा ठरावीक ओपेरॉन हलला तर लीडर पेप्टाइड बघा. रायबोसोमल आरएनए उतरून बरेच अमिनो आम्ल-ओपेरॉन एकदम चढले तर रिकामा टीआरएनए आणि रेल-ए. एका नियामकाच्या हाताखालचे सगळे हलले तर त्या नियामकाच्या जीनमधले कोडॉन. आणि यापैकी काहीच बसत नसेल, तर तुमची दुसरी शंका: पेशी अशक्त झाली आहे.

ती शंका रास्त आहे. शेख्टर, मालो आणि क्येल्गार्ड यांनी १९५८ मध्येच साल्मोनेलावर दाखवलं होतं की पेशीतला आरएनए, प्रोटीन, पेशीचा आकार हे सगळं वाढीच्या वेगाबरोबर बदलतं. म्युटंट हळू वाढत असेल, तर जलद वाढणाऱ्या जंगली स्ट्रेनशी त्याची तुलना केल्यावर शेकडो फरक दिसणारच, आणि त्यातले बहुतेक टीआरएनएबद्दल काहीच सांगत नाहीत. यावर उपाय एकच, तुलना बदलणं. जंगली स्ट्रेन ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉलवर किंवा अ‍ॅसिटेटवर वाढवून त्याचा वेग म्युटंटच्या वेगाशी जुळवा आणि त्याचंही सीक्वेन्सिंग करा. सोय असेल तर दोन्ही स्ट्रेन केमोस्टॅटमध्ये (वाढीचा वेग ठरवून ठेवणाऱ्या उपकरणात) एकाच वेगाने ठेवा. कार्बनचा स्रोत बदलल्याने काही जीन्स त्याच्यामुळेही बदलतील, पण ते ओळखता येतात. वेग जुळवल्यावरही जे उरतं त्यावर पुढचं काम करायचं.

टीआरएनएची संख्या आणि चार्जिंग मोजायला मी अजूनही अ‍ॅसिड-युरिया जेल आणि नॉर्दर्न ब्लॉटच (जेलवरचा ठरावीक आरएनए ओळखायचं तंत्र) वापरतो. जुनं तंत्र आहे, वेळखाऊ आहे, पण एकाच पट्टीत दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतं: अमिनो आम्ल चढलेला टीआरएनए जरा मागे राहतो, रिकामा पुढे धावतो, आणि दोन्ही ठिपक्यांची बेरीज म्हणजे एकूण संख्या. यातली सगळी कला नमुना घेण्यात आहे. कल्चर सेंट्रिफ्यूज करून मग आरएनए काढायला घेतला, तर त्या मिनिटांत तळाशी दाटलेल्या पेशींना ऑक्सिजन कमी पडतो, चार्जिंग बदलतं आणि तुम्ही म्युटंटऐवजी सेंट्रिफ्यूजचा परिणाम मोजता. फ्लास्क हलत असतानाच कल्चर काढून थेट गार ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लात घाला, मगच पेशी खाली बसवा. पुढचं सगळं बर्फावर, पीएच पाचच्या आसपास, फेनॉलही आम्लधर्मी; पीएच वर गेला की अमिनो आम्ल आपोआप सुटतं. म्हणूनच प्रत्येक नमुन्याचा एक भाग मुद्दाम पीएच नऊच्या ट्रिसमध्ये ३७ अंशांवर ठेवून पूर्ण रिकामा करा आणि शेजारच्या लेनमध्ये चालवा. त्याच्याशिवाय कोणता ठिपका कोणता हे खात्रीने सांगता येत नाही. जेल चार अंशांच्या खोलीत, कमी व्होल्टेजवर, निवांत चालू द्या.

त्यानंतर कारण सिद्ध करायचं. रेल-ए काढलेल्या पार्श्वभूमीवर तेच म्युटेशन आणा. पसरट परिणाम गळून पडला तर रस्ता पीपीजीपीपीचा. रेल-ए आणि स्पॉट-टी (पीपीजीपीपी बनवू शकणारा दुसरा जीन) दोन्ही एकदम काढायचा मोह टाळा: पीपीजीपीपी मुळीच नसलेली पेशी साध्या मिनिमल मिडियमवर अमिनो आम्लं दिल्याशिवाय वाढत नाही, आणि नवाच गोंधळ होतो. लीडरचा संशय असेल तर लीडरला लॅक-झेड (ज्याचं प्रोटीन सहज मोजता येतं असा जीन) जोडून रिपोर्टर बनवा आणि त्यातले संशयित कोडॉन दुसऱ्या अमिनो आम्लाचे करून बघा. घडी पडणाऱ्या जागा मात्र त्या बदलात मोडता कामा नयेत, नाहीतर निकालाला अर्थ नाही. नियामकाचा संशय असेल तर बाल्ड-एच्या कामाप्रमाणे कोडॉन बदला, अमिनो आम्ल तेच ठेवा.

आपल्याकडे बहुतेक प्रयोगशाळांत ई. कोलायचा एमजी-१६५५ हा स्ट्रेन वापरतात, म्हणून त्याबद्दल सांगतो. या स्ट्रेनमध्ये आरपीएच जीनमध्ये फ्रेमशिफ्ट (वाचनाची चौकट सरकवणारा बदल) आहे. त्यामुळे पुढच्या पायर-ई या पिरिमिडिन बनवण्यासाठी लागणाऱ्या जीनचं उत्पादन घटतं आणि मिनिमल मिडियमवर पिरिमिडिनची चणचण भासते. वर आरपीएच म्हणजे आरएनएज पीएच, टीआरएनएची ३' बाजू छाटणाऱ्या एन्झाइमांपैकी एक. आयएलव्ही-जीमध्येही फ्रेमशिफ्ट आहे, त्यामुळे नुसतं व्हॅलिन घातलं तर पेशी आयसोल्युसिनसाठी उपाशी पडते. टीआरएनएवर काम करताना यातली प्रत्येक गोष्ट मध्ये येऊ शकते. तुमचा म्युटंट आणि जंगली स्ट्रेन खरोखर एकाच घरातले आहेत ना हे पी-१ ट्रान्सडक्शनने (पी-१ विषाणूकरवी जीन एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात नेऊन) म्युटेशन ताज्या स्ट्रेनमध्ये हलवून पक्कं करा. संथ वाढणाऱ्या स्ट्रेनमध्ये दुरुस्ती करणारी दुसरी म्युटेशन्स फार लवकर शिरतात. दर वेळी फ्रीझरमधून नवी रेघ ओढा, फ्रीजमधल्या जुन्या प्लेटवरून नको.

आणि शेजाऱ्यांकडे लक्ष द्या. टीआरएनएचे जीन्स बहुधा एकत्र लिहिले जातात. हिस-आर हा आर्जिनिन, ल्युसिन आणि प्रोलिनच्या टीआरएनएंबरोबर एकाच ओपेरॉनमध्ये आहे. ट्रिप-टी तर रायबोसोमल आरएनएच्या एका ओपेरॉनच्या शेपटीला आहे. एका बेसच्या बदलाने पूर्ववर्ती आरएनएची छाटणी बिघडली, तर शेजारचे टीआरएनएही घटतील आणि दोष तुमच्या टीआरएनएवर येईल. म्हणून नॉर्दर्नच्या त्याच पटलावर शेजाऱ्यांचेही प्रोब लावा, आणि कमी प्रतींच्या प्लाझ्मिडवरून फक्त तुमचा टीआरएनए परत दिल्यावर सगळं पूर्ववत होतं का ते बघा.

कोणता टीआरएनए, कितव्या जागी बदल, कोणतं मिडियम आणि दोन्ही स्ट्रेनचा दुप्पट होण्याचा काळ, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. तोवर पुन्हा सीक्वेन्सिंगवर पैसे घालू नका. आधी अ‍ॅसिड जेल चालवा.